पाठीच्या आतला कागद

मुलं त्याला खळकाका म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तोही ओ देई. सार्वजनिक वाचनालयात एकतीस वर्षं तो फाटकी पुस्तकं शिवत होता. पिठाच्या खळीचा आंबूस वास त्याच्या बोटांत, शर्टाच्या बाह्यांत आणि बायकोच्या मते उशीतसुद्धा मुरला होता. कवितेशी त्याचा संबंध एवढाच, की कवितांची पुस्तकं त्याच्याकडे कधी येत नसत. येत त्या जाड कादंबऱ्या, शब्दकोश, परीक्षेचे मार्गदर्शक. कवितेचं पुस्तक वीस वर्षांनी कपाटातून काढलं तरी करकरीत. त्याला त्या पुस्तकांची कीव यायची.

तरी शनिवारची कवितेची बैठक त्याच्याच गळ्यात पडली. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी ती आधीच्या ग्रंथपालबाईंनी हौसेनं सुरू केली होती. त्यांची बदली झाली. नव्या मॅडमना खाली वाचनकक्षात आवाज नको होता, आणि बैठक बंद केली असं वर कळवायचंही नव्हतं. म्हणून त्यांनी मुलांना माडीवर, बांधणीच्या खोलीत पाठवलं.

"मॅडम, मला कवितेतलं काही कळत नाही हो," तो म्हणाला.

"कळायचंय काय त्यात? खिडक्या उघडा, दिवे लावा. भांडली तर मला हाक मारा."

घरी बायकोला सांगितलं तर ती हातातलं काम टाकून हसत सुटली. "तुम्ही? वाणसामानाची यादी लिहायला तुम्हाला दोन दिवस लागतात!"

पहिल्या शनिवारी आठ-नऊ मुलं आली आणि जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांवर बसली. ती त्याच्याकडे बघत राहिली, तो दाभणाकडे. काय बोलावं ते सुचेना, म्हणून तो आपला शिवत बसला. शेवटी एका मुलीनं वाचायला सुरुवात केली. आधीच्या बाई प्रत्येक कवितेनंतर "छान!" म्हणायच्या. हा काहीच म्हणाला नाही. कागदातून दोरा ओढल्याचा आवाज तेवढा आला. आणि नवल म्हणजे मुलांना ते मानवलं. समोरचा माणूस मान खाली घालून कामात आहे, आपल्याकडे बघत नाही, हे बघून त्यांची तोंडं उघडली. दोन-तीन महिन्यांत फुलं आणि चांदण्या मागे पडल्या. मुलं घरातलं लिहायला लागली. एकीच्या आत्यानं तिला काय म्हटलं ते. एकाला आरशात बघायची कशी शिसारी येते ते. खळकाकाला कवितेतलं कळत नव्हतं, पण कुणी खरं बोलतंय एवढं कळत होतं.

त्यांच्यात एक उंच, हडकुळा पोरगा होता. कशालाही हरकत घ्यायचा, म्हणून सगळे त्याला वकील म्हणत. त्याच्या वडिलांना एकदा त्याची वही सापडली होती आणि त्यांनी ती पाहुण्यांसमोर, नकला करत वाचून दाखवली होती. नियम त्यानंच काढला: इथला कागद इथून बाहेर जायचा नाही.

"मग काका, कागदांचं करायचं काय?"

"टाका त्या खोक्यात."

"आणि खोक्याचं?"

"खळीत जाईल सगळं."

मुलांना वाटलं, काका कागद भिजवून लगदा करणार. त्यानं खोटं सांगितलं नव्हतं. पण अर्धंच सांगितलं होतं.

पुस्तकाचे टाके घालून झाले, की त्याच्या पाठीवर, म्हणजे पानं जिथे एकत्र येतात त्या कडेवर, खळ लावून कागदाची पट्टी चिकटवतात. त्याला अस्तर म्हणतात. त्याच्यावर कापड आणि पुठ्ठा चढला, की पट्टी कुणाला दिसत नाही. पुस्तक उभं राहतं ते मात्र तिच्या जिवावर. असल्या अस्तराला कुणी नवा कागद वापरत नाही. खळकाका आजवर जुन्या जाहिराती, बाद झालेले अर्ज, कॅलेंडरची पानं वापरत आला होता. आता हाताशी मुलांचं खोकं होतं. लिहिलेला कागद फेकायला त्याचा हात होत नसे, आणि हे कागद तर त्यानं मुलांच्या तोंडून ऐकलेले. वर्षभर तो ते कापून पाठींना लावत गेला. मुलांना सांगायला हवं होतं. पण त्याला वाटायचं, दिसणार कुणाला? एकतीस वर्षांत त्याच्या हातची पाठ एकदाही सुटली नव्हती. बोलायला भित्रा माणूस, पण एवढा एक ताठा त्याच्यात होता.

मुलांमध्ये एक पंधरा वर्षांची मुलगी होती. तिचं वाचन ऐकायला सगळ्यांना पुढे वाकावं लागे. वकिलानं तिचं नाव हळू ठेवलं होतं. ती कविता चित्रकलेच्या वहीच्या जाड पानांवर लिहून आणायची. दोन वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ गच्चीवरून पडून गेला, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. सहा वर्षांचा होता. गच्चीच्या दाराची कडी लावायला आई विसरली, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. कारण तिची आजी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. वडील बायकोशी बोलत, पण तोंड भिंतीकडे करून. हळूनं भावाबद्दल कधी एक ओळ लिहिली नव्हती, आणि कुणी तिला विचारलंही नव्हतं.

परीक्षेला दीड महिना उरला असताना एका शनिवारी तिनं हे वाचलं:

*कडी मी काढली.*
*वर केस वाळवायला गेले होते.*
*उतरताना एका हातात टॉवेल, एका हातात फणी.*
*कडीला तिसरा हात लागतो.*

*आई म्हणते, मीच विसरले असेन.*
*मी तिला पाणी नेऊन देते.*

 वकिलानंसुद्धा हरकत घेतली नाही. खळकाकाचा दोरा हातातच राहिला. हळूनं कागदाची घडी केली, उठून खोक्यात टाकला आणि जागेवर जाऊन बसली. मग दुसऱ्या कुणीतरी घाईघाईनं काहीतरी विनोदी वाचलं, आणि सगळे गरजेपेक्षा जास्त हसले.

बाकीचे गेल्यावर ती मागे थांबली.

"काका, आईची ती कादंबरी झाली का? सोमवारी न्यायचीय. ती रोज विचारते."

तिची आई जाड कादंबऱ्या वाचायची. हल्ली दुसरं काही करायचीच नाही, असं हळू म्हणायची. हव्या असलेल्या कादंबरीची पाठ पार मोडली होती, म्हणून हळूनं ती मुद्दाम त्याच्याकडे आणून दिली होती.

"सोमवारी देतो," तो म्हणाला. आणि मग, जन्मात कुणाच्या मधे न पडलेला माणूस, दबक्या आवाजात म्हणाला, "बाळ, घरी ठाऊक आहे का?"

तिनं नकारार्थी मान हलवली. "सांगणार आहे मी. आईला आधी. परीक्षा झाली की दुसऱ्या दिवशी. ठरवलंय."

"बरं."

"मीच सांगणार. दुसऱ्या कुणाकडून तिला कळायला नको. कळलं ना काका, दुसऱ्या कुणाकडून नको."

"माझ्याकडून नाही कळायचं," तो म्हणाला. ती गेली.

तो कामाला लागला. कादंबरी आठशे पानांची, पाठ चार बोटं रुंद. असल्या पाठीला मजबूत कागद हवा. खोक्यात हात घातला तर वरच तो चित्रकलेच्या वहीचा कागद. त्याला ठाऊक होतं तो कुणाचा आहे, आणि पुस्तक कुणाकडे जाणार आहे तेही ठाऊक होतं. तरी त्यानं तोच घेतला. कागद जाड होता हे एक. दुसरं असं, की त्याला वाटलं, मुलीचं हे ओझं आईच्या हाताखाली राहू दे. दिसणार नाही, पण असेल. असलं काही त्याच्या मनात आयुष्यात कधी आलं नव्हतं. बहुधा कविता ऐकून ऐकून आलं असावं. पहिल्या चार ओळी त्या पट्टीत अख्ख्या बसल्या. अक्षरं वरच्या बाजूला ठेवून त्यानं ती चिकटवली, कापड चढवलं आणि पुस्तक दाबून ठेवायच्या लाकडी शिकंज्यात आवळून घरी गेला.

सोमवारी सकाळी हळू आली तेव्हा पुस्तक आणखी एक दिवस शिकंज्यात राहायला हवं होतं. जाड कागद खळ लवकर पीत नाही, आणि हे शिकाऊ पोरालाही कळतं. पण ती दारात उभी होती. त्यानं देऊन टाकलं.

पुढच्या शनिवारी हळू वकिलाला काहीतरी सांगत होती, तेव्हा त्याच्या कानावर पडलं, "आई ओट्यापाशी उभी राहूनच वाचते. भांड्यात पुस्तक पडेल एक दिवस. वाफेनं पाठीचं कापड सुटायला लागलंय."

"खळकाकांची पाठ सुटली?" वकील ओरडला. "काका, ऐकलंत का? तुमच्या इज्जतीचा प्रश्न!"

सगळे हसले. त्यानं हसायचा प्रयत्न केला, पण हातातलं दाभण बोटात गेलं.

तो रविवार कसा गेला ते त्याचं त्याला ठाऊक. बायकोनं दोनदा विचारलं, पोट बिघडलंय का. सोमवारी मुलगी शाळेत गेली असेल अशा बेतानं तो तिच्या घरी गेला. तिसरा मजला, दाराबाहेर चपलांची फळी. वर गच्चीकडे जाणारा जिना होता आणि त्या दाराला आता कुलूप होतं. दार आईनं उघडलं.

"वाचनालयातून आलो. पुस्तकं शिवतो मी. त्या कादंबरीची खळ जरा कच्ची राहिली होती, म्हटलं परत घेऊन जावी, नीट करून देतो."

"त्याच्यासाठी तुम्ही तीन जिने चढून आलात?" ती म्हणाली.

त्यानं चपला काढून फळीवर ठेवल्या. आतल्या खोलीतून आजीचा आवाज आला, "कोण आहे गं?" "पुस्तकवाले आहेत," आईनं सांगितलं. आजी म्हणाली, "वाच आणखी पुस्तकं! वाचण्यात लक्ष होतं म्हणूनच तर..." पुढचं तिनं पूर्ण केलं नाही. तिला तशी गरजच नसावी.

आईनं त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं. पुस्तक ओट्यावर होतं. पाठीचं कापड उघडं पडलं होतं आणि आत पट्टी नव्हती. नुसते टाके दिसत होते.

"तुम्ही लावलेला का तो कागद?"

"हो."

"तुम्हाला ठाऊक होतं कुणाचा आहे ते?"

"हो, ताई."

ती शिव्या देईल म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. तिनं दिल्या नाहीत. ती ओट्याची कड पुसत राहिली. मग तिनं सांगितलं ते असं. तिला खरंच वाटत होतं की कडी तिनंच उघडी टाकली. दोन वर्षं ती रोज मनात तो जिना चढत होती आणि कडी लावून बघत होती. कधी लागायची, कधी नाही लागायची. नवरा म्हणाला, सासू म्हणाली, मग तिलाही आठवायला लागलं की नाहीच लावली.

"कागद वाचला ना, तेव्हा आधी मला काय झालं सांगू?" ती म्हणाली. "बरं वाटलं. हलकं वाटलं एकदम. मी नव्हते, मी नव्हते, असं झालं. एक मूल गेलं ते गेलं, आणि दुसरीनं हे पोटात घेऊन दोन वर्षं काढली, आणि मला बरं वाटतंय! मग तिथेच खाली बसले. आई आहे का मी?"

खळकाकानं पाठीचं सुटलेलं कापड अंगठ्यानं दाबून बसवलं. 

"ती सांगणार आहे तुम्हाला," तो म्हणाला. "परीक्षेनंतर. तिला स्वतः सांगायचंय. मी शब्द दिला होता."

"मग तिला कळू देऊ नका मला कळलंय ते." तिनं पुस्तक त्याच्या हातात दिलं. "सांगू दे तिला तिच्या तोंडानं. तोवर मीही तयारी करते. त्या वेळी तोंडावर काही दिसायला नको. रडायला नको, आणि ते... बरं वाटलेलंही दिसायला नको."

पट्टी मात्र तिनं परत दिली नाही. त्यानं मागितलीही नाही. त्यानं पुस्तकाला कोरा कागद लावला, दोन दिवस शिकंज्यात ठेवलं आणि हळूच्याच हाती परत पाठवलं.

पुढचे पाच शनिवार तो खोलीत चोरासारखा बसला. हळू यायची, पुढे न वाकता ऐकू येईल इतपत मोठ्यानं वाचायची. एकदा तर तिनं मांजरावर लिहिलं आणि वकिलाला हसू आवरेना. ती हलकी होत चालली होती. दिवस ठरला होता आणि तो जवळ येत होता, एवढ्यावर. खळकाकाला कितीदा वाटलं, सांगून टाकावं. पण आईचं बोलणं आडवं यायचं, आणि खरं सांगायचं तर त्याची भीतीही.

परीक्षा संपली. त्यानंतरच्या शनिवारी ती सगळ्यांच्या आधी आली. बसली नाही.

"काल सांगितलं," ती म्हणाली.

"बरं केलंस, बाळ."

"ती दचकली नाही, काका."

त्यानं हातातलं पुस्तक खाली ठेवलं.

"मी बोलत होते आणि ती नुसती मान हलवत होती. मधेच माझ्या पाठीवरून हात फिरवला. बरोबर वेळेला. पाठ केल्यासारखं. म्हणाली, लहान होतीस, तुझी चूक नाही. बाबांना सांगू नकोस, आजीलाही नको, आपल्या दोघींतच राहू दे. कितीदा मी मनात बघितलं होतं काका, ती काय करेल. मारेल, किंचाळेल, मला घट्ट धरेल. तिनं काहीच केलं नाही. तिला ठाऊक होतं." एवढ्या मोठ्यानं ती पहिल्यांदाच बोलत होती. "तुम्ही सांगितलंत?"

"नाही. मी सांगितलं नाही." पण एवढ्यावर थांबणं त्याला जमलं नाही. टेबलावर बांधून झालेलं पुस्तक होतं. त्यानं सुरी घेतली, पाठीचं कापड चिरलं आणि आतली पट्टी तिला दाखवली. कुणाच्या तरी कवितेच्या चार ओळी होत्या. आणि मग तिच्या कागदाचं सांगितलं. जाड होता म्हणून घेतला, आणि ते दुसरं कारणही. तेही त्यानं लपवलं नाही.

ती ऐकत राहिली. "म्हणजे मी सांगितलंच नाही," ती म्हणाली. "पुस्तकानं सांगितलं. मी नंतर जाऊन नाटक केलं, आणि तिनंही." मग ती दाराकडे वळली. दारात वकील उभा होता. तो कधी आला ते दोघांनाही कळलं नव्हतं. ती त्याच्या बाजूनं निघून गेली.

"माझ्या पण लावल्यात?" वकिलानं विचारलं. त्याच्या आवाजात आज खटला नव्हता.

"सगळ्यांच्या."

"कुठल्या पुस्तकात?"

त्याला सगळी आठवत नव्हती. पण दुसऱ्या दिवसापासून तो शोधायला लागला. वर्षभरात शिवलेलं एकेक पुस्तक कपाटातून काढायचं, पाठ चिरायची, पट्टी वाफेवर सोडवायची, कोरा कागद लावून पुन्हा बांधायचं. आपल्याच हातच्या पाठी चिरताना त्याला कळलं की त्या किती पक्क्या होत्या. मॅडम वर आल्या आणि बघतच राहिल्या.

"चांगली बांधलेली पुस्तकं फाडताय? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

त्यानं त्यांनाही खरं ते सांगितलं. मॅडमनी कपाळाला हात लावला. बैठक बंद झाली, आणि या खेपेला वर काय कळवायचं याची त्यांना अडचण पडली नाही. खळकाकाला लेखी ताकीद मिळाली. बायको म्हणाली, "तुम्हाला सांगत होते मी." मग त्याचा चेहरा बघून ती ताट वाढायला उठली.

त्यानं प्रत्येकाच्या पट्ट्या वेगळ्या पाकिटात घालून ठेवल्या होत्या; मुलं एकेक करून आली आणि आपापलं पाकीट घेऊन गेली. बहुतेकांनी त्याच्याकडे बघितलं नाही. वकिलानं तर पट्ट्या तिथेच, त्याच्यासमोर, बारीक फाडल्या आणि तुकडे खिशात भरून नेले. सात पुस्तकं वाचकांकडे होती, ती येतील तशी तो चिरत गेला. दोन कधी आलीच नाहीत. हळू काही आली नाही. तिच्या पाकिटात अकरा पट्ट्या होत्या. ते खणात राहिलं.

पावणेदोन महिन्यांनी तिची आई ती कादंबरी परत करायला आली. खालच्या खिडकीपाशी न देता माडी चढून वर आली. मुलगी मावशीकडे गेली होती, पुढचं शिक्षण तिथेच. तिनंच हट्ट धरला.

"फोन करते," आई म्हणाली. "जेवले, अभ्यास झाला, आज ऊन होतं. तेवढंच. मीही तेवढंच बोलते. दोघी इतक्या जपून बोलतो, की यांना वाटतं आमचं किती छान चाललंय."

"आणि घरी?"

"घरी काय? घरी कडी मीच उघडी टाकलीय." हे ती इतक्या साधेपणानं म्हणाली की खळकाकाला आधी कळलंच नाही. "ते तसंच राहू दे. निदान तेवढं तरी मला तिच्यासाठी करता येतंय."

त्यानं खणातलं पाकीट काढून पुढे केलं. तिनं ते बघितलं, पण हात पुढे केला नाही. "तिचं आहे. तिनं मागितलं तर द्या."

मग ती दुरुस्त होऊन ठेवलेल्या पुस्तकांकडे वळली. एक जाडजूड कादंबरी उचलली, वजन बघितलं, उलटी करून पाठीवरून अंगठा फिरवला. दोनदा फिरवला.

"यात काही नाही ना?" तिनं विचारलं.

"नाही, ताई. कोरा कागद आहे."

तिनं मान हलवली, पुस्तक पिशवीत टाकलं आणि कठड्याला धरून जिना उतरायला लागली.